मुलांची भेट, कोकणची गाडी आणि आधीच्या जोडीदाराशी बोलणी: कुठल्या क्रमानं काय करायचं

"शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतो. पोराला तयार ठेव."

एवढ्याशा मेसेजात चार भांडणं आहेत. कुठला शुक्रवार, ते नाही. रात्रीची गाडी म्हणजे कोकणकन्या की तुतारी, ते नाही. 'येतो' म्हणजे स्टेशनवर की घरी, ते नाही. आणि 'तयार ठेव' वाचून समोरच्या बाईचं डोकं फिरणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, किंवा चांगलंच ठाऊक आहे.

माझं घर रत्नागिरीच्या खाली, पावस गावाच्या पुढे. मुलांचे बाबा डोंबिवलीला, त्यांचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. सात वर्षं दोन मुलं या मार्गावर ये-जा करताहेत. पहिली दोन वर्षं एकही फेरी भांडणाशिवाय गेली नाही, आता वर्षातून एखाददुसरी खटकते. आमची एकमेकांबद्दलची मतं आहेत तिथेच आहेत, फक्त कामाचा क्रम बदलला. ओळखीतले लोक सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं असतं: आधी तिकीट काढलं, मग कळवलं. तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला की समोरच्याला ती विचारणा वाटत नाही, हुकूम वाटतो.

आधी एक इशारा. घरात मारहाण, धमक्या, पाठलाग असं काही झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे गोड भाषेनं काही होत नाही आणि समोरासमोर मुलं सोपवायचीही नसतात. वकिलामार्फत किंवा कोर्टानं ठरवलेल्या जागी, तिसऱ्या माणसाच्या हातूनच व्यवहार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२.

## टप्पा १: कागद काढा आणि पुन्हा वाचा

कोर्टाचा आदेश किंवा सहमतीनं घटस्फोट झाला असेल तर कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी) कपाटातून काढा. आठवणीवर जाऊ नका. 'मे महिन्याची अर्धी सुट्टी' असं आपल्याला आठवत असतं, कागदावर 'उन्हाळी सुट्टीचा पहिला अर्धा भाग' असतं. त्या 'पहिला' शब्दावर आंब्याच्या हंगामात घरंच्या घरं बोलेनाशी होतात.

वहीच्या एका पानावर एवढंच उतरवा: कुठल्या सुट्ट्या कोणाकडे, मुलांना आणणं-सोडणं कोणी करायचं, खर्च कोणाचा, फोनची वेळ, जिल्ह्याबाहेर नेताना काय कळवायचं. जे कागदावर नाही त्यापुढे 'ठरलेलं नाही' असं लिहा. तुमची भांडणं बहुतेक याच ओळींवर होत असणार.

एकदोन वेळचा बदल दोघांनी लिहून मान्य केला तर सहसा अडचण येत नाही. कायमचा बदल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर होत नाही. त्यासाठी कोर्टातूनच आदेश बदलून घ्यावा लागतो.

थांबा. खावटी (पोटगी) थकली म्हणून भेट अडवायची, किंवा भेट अडवली म्हणून खावटी थांबवायची, हे दोन्ही बाजूंचे लोक हमखास करतात. दोन्ही चुका आहेत. पैशाचं गाऱ्हाणं वेगळं मांडा, वेगळ्या दिवशी, शक्यतो वकिलामार्फत. प्रवासाच्या मेसेजात खावटीचा 'ख' सुद्धा नको.

## टप्पा २: तारखा उलट्या मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे नीट झालं की पुढचं निम्मं काम उरकतं.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. खिडकी उघडते सकाळी ८ ला आणि गणपतीच्या गाड्यांचं काय होतं ते चाकरमान्यांना सांगायला नको. म्हणजे तुमची खरी मुदत प्रवासाच्या दिवसाची नाही, तिकीट उघडायच्या दिवसाची आहे. बोलणी त्याच्या निदान आठवडाभर आधी संपलेली हवीत.

२०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. बाबा शुक्रवारी, ११ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघणार असतील तर ते तिकीट १३ जुलैला उघडणार. बोलणी ५ जुलैपर्यंत संपवायची, म्हणजे पहिला मेसेज जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जायला हवा. शाळा नुकतीच उघडलेली असते, पाऊस लागलेला असतो, गणपती कोणाच्या डोक्यातही नसतो. म्हणूनच ती वेळ चांगली. कोणी तापलेलं नसतं.

कॅलेंडरवर आधी या गोष्टी खुणा करून घ्या:

- शाळेच्या परीक्षा आणि सुट्ट्या. दोन्ही मुलांच्या शाळा वेगळ्या बोर्डाच्या असतील तर दोन्हींच्या.
- दोन्ही घरचे गणपती. दीड दिवसांचा, पाच दिवसांचा की गौरीबरोबर जाणारा, ते स्पष्ट लिहा.
- गावची पालखी. शिमग्याला पालखी आपल्या घरी कोणत्या दिवशी येते ते वाडीत उशिरा कळतं, म्हणून तिथे 'एक दिवस मागे-पुढे' असं आधीच ठरवा.
- घरातलं लग्न, बारसं, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन.

गणपतीबद्दल एक आगाऊ सल्ला. विसर्जनाच्या दिवशी मुलांना परत मागू नका. आमच्या मुलांच्या बाबांकडे पाच दिवसांचा गणपती. एका वर्षी मी हट्टानं पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचला मुलं परत मागितली. कागदाप्रमाणे माझं बरोबर होतं. धाकटी डोक्यावरचा गुलाल तसाच घेऊन स्टेशनवर आली आणि घरापर्यंत रडली, कारण बाप्पा नदीवर जायच्या आधीच तिला गाडीत बसवलं होतं. त्यानंतर परतीची तारीख दुसऱ्या दिवशी सकाळची.

तपासा. एका मुलाची एक फेरी म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन फेऱ्या असतात: मुलासकट एक, रिकाम्या हातानं एक. तारीख ठरवताना दोन्ही धरा. 'रविवारी संध्याकाळी सोड' असं म्हणणं सोपं आहे, पण सोडणाऱ्याला सोमवारी डोंबिवलीहून ऑफिस गाठायचं असतं.

न्यायला कोणी यायचं हे कागदावर नसेल तर माझं मत असं: ज्याचे दिवस सुरू होतात त्यानं घ्यायला यावं. मुलं जाताना बाबा येतात, परत येताना मी जाते. घ्यायला येणारा सहसा उशीर करत नाही, सोडायला येणारा करतो.

## टप्पा ३: पहिला मेसेज लिहा, आणि पाठवू नका

लिहा, अर्धा तास बाजूला ठेवा, मग वाचा. रात्री नऊनंतर पाठवू नका. बोलून दाखवलेला व्हॉइस मेसेजही नको. त्यात आवाज चढलेला कळतो आणि तीन महिन्यांनी तारीख शोधायची म्हटली तर सापडत नाही.

मेसेजात पाच गोष्टी लागतात: वारासकट तारीख, वेळ, जागा, नेणारा माणूस, उत्तर कधीपर्यंत हवं. आणि दुसरा पर्याय. पर्याय दिला की समोरच्याला 'नाही' म्हणायच्या ऐवजी 'दुसरा चालेल' म्हणता येतं. नमुना असा:

"गणपतीसाठी मुलांचा प्रवास.
नेणं: शनिवार १२ सप्टेंबर, सकाळी ८, रत्नागिरी रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकीसमोर.
परत: शनिवार १९ सप्टेंबर, सकाळी ११, तिथेच. मी येईन.
जमत नसेल तर दुसरा पर्याय: रविवार १३ सकाळी ८ ते रविवार २० सकाळी ११.
तू स्वतः येणार की आणखी कोणी, ते कळव.
११ च्या रात्रीचं तिकीट १३ जुलैला उघडतं, म्हणून रविवार ५ जुलैपर्यंत सांग."

कोरडं वाटतं? वाटू दे. हा मेसेज तुमची आई, त्याची बहीण, दोन वकील आणि कदाचित एक न्यायाधीश, असे सगळे वाचू शकतात असं धरून लिहायचं.

आता भाषेकडे. मराठीत शिवी न देता ओरखडा काढायची सोय फार आहे आणि ती बहुतेक छोट्या शब्दांत आहे. पाठवण्याआधी हे शब्द हुडकून काढा.

'तरी'. "या वेळी तरी वेळेवर ये." यात मागचे सगळे उशीर आले. त्याऐवजी: "गाडी ५.४० ला आहे, ५.१५ ला स्टेशनवर भेटू."

'च'. "तूच म्हणाला होतास." 'च' काढला तरी वाक्य तेच राहतं, बोट दाखवणं जातं. खरं तर अख्खं वाक्य काढा आणि जुना मेसेज नुसता पुढे पाठवा.

'म्हणे'. "ऑफिसला सुट्टी मिळत नाही म्हणे." म्हणजे माझा विश्वास नाही. 'निदान', 'एकदाचा', 'मेहरबानी' हीही त्याच घरची मंडळी.

'तुझी आई'. लिहा 'आजी'. मुलांच्या बाजूनं नातं लिहिलं की अर्धा कडवटपणा जातो: मुलांचे बाबा, आत्या, मामा, आजी.

आणि 'आपण'. लग्नात एकमेकांना 'तू' म्हणत होतात तर आताही 'तू'च म्हणा. 'अहो-जाहो' होतं तर तेच चालू ठेवा. घटस्फोटानंतर अचानक "आपण कधी येणार आहात?" असं लिहिलं की त्यातला आदर कोणालाच दिसत नाही, टोमणा तेवढा दिसतो.

तारखेचे शब्दही फसवे आहेत. 'परवा' आपल्याकडे मागेही जातो आणि पुढेही. 'पुढचा शनिवार' म्हणजे परवाचा की त्यानंतरचा, यावर माझ्या ओळखीतल्या एका जोडप्यानं अख्खा वीकेंड घालवला: तो बसस्टँडवर, ती माहेरी. वार आणि तारीख दोन्ही लिहा, दर वेळी. त्या दोन जुळत नसतील तर समोरच्याला चूक तिथल्या तिथे कळते.

पाठवण्याआधी तीन तपासण्या. मेसेजात प्रवासाशिवाय काही आहे का? असेल तर खोडा. मागच्या फेरीचा उल्लेख आहे का? खोडा. मुलांच्या तोंडी काही घातलंय का ("छोटी म्हणते तिला तिकडे यायचं नाही")? तेही खोडा. मुलगी खरंच तसं म्हणत असेल तर तो वेगळा आणि मोठा विषय आहे. तो फोनवर शांतपणे बोलायचा असतो, गाडीच्या वेळापत्रकात घुसडायचा नसतो.

## टप्पा ४: 'बघू' चा 'हो' किंवा 'नाही' करून घ्या

कोकणात नकार द्यायचा नसला की माणूस 'बघू' म्हणतो. द्यायचा असला तरी 'बघू'च म्हणतो. त्यावर चिडून उपयोग नाही. एक ओळ पाठवा: "बुधवारपर्यंत कळेल असं धरते." बुधवारी काही आलं नाही तर एकदाच आठवण: "उत्तर आलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांग, म्हणजे तिकिटाचं बघता येईल."

गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. दोन निळ्या टिकाही होकार नव्हेत. आदेशात तारीख ठरलेली असेल तर मात्र उत्तराची वाट बघत अडून राहायची गरज नाही. "आदेशाप्रमाणे शनिवारी ८ वाजता मुलं तयार असतील" एवढं लिहून मोकळं व्हा.

समोरून खोचक उत्तर आलं तर? त्यात प्रवासाची जेवढी माहिती असेल तेवढीच उचला. "तुला कधी सोयीचं असतं म्हणा, १३ ला येईन" याला उत्तर "१३ ला, रविवार, सकाळी ८. ठरलं." पहिला अर्धा भाग वाचलाच नाही असं समजायचं. पहिल्यांदा जिवावर येतं. चौथ्यांदा समोरूनही तो अर्धा भाग यायचा थांबतो, निदान माझ्याकडे थांबला.

ठरलं की शेवटचा एक मेसेज, ज्याची सुरुवात 'ठरलं:' अशी. त्यात सगळं पुन्हा एकदा. पुढे वाद झाला तर दोघांनी याच मेसेजाकडे जायचं.

नेहमीची चूक. मुलांमार्फत निरोप. "बाबांना सांग मी शनिवारी येणार नाही." दहा वर्षांच्या पोराला टपालखातं बनवू नका. निरोप चुकला तर ओरडा तोच खातो.

## टप्पा ५: आता तिकीट

भाडं आधी. रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ पूर्ण ते १२ च्या आत वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. हा खर्च कोणाचा हे 'ठरलं' मेसेजात असू द्या. एसटीत ५ ते १२ ला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं आणि पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना फुकट. तेवढ्यावरून आजोबांना पोरांबरोबर रात्रीच्या गाडीला जुंपू नका, एवढंच.

मुलांचं आणि नेणाऱ्याचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट बनल्यावर पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं. वेगळी तिकिटं काढलीत आणि मुलांचं कन्फर्म, बापाचं रद्द, तर फलाटावर काय करणार?

आता ती चूक, जी मी स्वतः केली. तुतारी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर पाच मिनिटांनी सुटते. 'शुक्रवारी रात्रीची तुतारी' म्हणताना आपल्या डोक्यात शुक्रवार असतो, तिकिटावर शनिवारची तारीख लागते. मी मुलांना आणायला गेले होते. परतीची तिकिटं शुक्रवारची काढली आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला दोन पोरं, तीन पिशव्या घेऊन दादरला पोचले. आमची गाडी तेवीस तासांपूर्वी गेली होती. मुलांचे बाबा सोडायला आले होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं तिकीट बघितलं आणि परत दिलं. त्या न बोलण्याचे मी आजही आभार मानते.

कोकणकन्येचंही तसंच: मुंबईहून सुटते एका तारखेला, पनवेलला येईपर्यंत दुसरी लागलेली असते. म्हणून मेसेजात असं लिहा: "शुक्रवार संपून शनिवार लागल्यावर १२.०५, म्हणजे शुक्रवारी रात्री ११.३० ला दादरला."

चढायचं स्टेशन बदललं (दादरऐवजी ठाणे किंवा पनवेल) तर समोरच्यालाही कळवा. बदल केल्यावर मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क राहत नाही.

ऐनवेळी नेणारा माणूस बदलला तर कन्फर्म तिकीट जवळच्या नात्यात दुसऱ्याच्या नावावर करता येतं: आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको. आरक्षण खिडकीवर, गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज द्यायचा. म्हणजे माझ्या तिकिटावर माझा भाऊ, मुलांचा मामा, जाऊ शकतो. घटस्फोटित नवरा या यादीत बसत नाही, तो हिशेब आधीच करा.

तत्काळवर भिस्त ठेवू नका. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं १० ला आणि बाकीचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी झालेलं खातं लागतं. ती पडताळणी मात्र आजच करून ठेवा.

## टप्पा ६: सोपवायची जागा आणि ती दहा मिनिटं

कोकण रेल्वेचं स्टेशन आणि त्या नावाचं गाव यांची गाठ पडतेच असं नाही. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावला. सावंतवाडी रोड मळगावला. राजापूर रोड राजापूर शहरापासून चांगलंच लांब. 'राजापूरला भेटू' म्हणजे एक जण एसटी स्टँडवर आणि एक जण रिकाम्या फलाटावर. जागा अशी लिहा की रिक्षावाल्यालाही वाचून दाखवता येईल.

घरापेक्षा स्टेशन किंवा स्टँड बरा. घरी म्हटलं की पडवीत बसणं आलं, चहा आला, चहा नाही विचारला म्हणून बोलणं आलं.

खाडीपलीकडची घरं असतील तर जेट्टी हा सोयीचा मध्य असतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीमुळे दापोली आणि गुहागर शेजारी येतात. फक्त शेवटच्या बोटीची वेळ त्या दिवशी विचारून घ्या. बोट चुकली तर समोर दिवे दिसणाऱ्या गावाला चिपळूणवरून वळसा घालावा लागतो. आणि जे अर्ध्या तासाच्या उशिरावर निभावलं असतं, त्याची रात्र होते.

सोपवताना बोलायचं ते फक्त आजचं: जेवण झालंय का, औषध कुठे आहे, घाटात कोणाला उलटी होते. बाकी काहीही, अगदी बरोबर असलेलंसुद्धा, फलाटावर नाही. मुलं दोघांच्या मध्ये उभी असतात आणि आपल्याला वाटतं त्याहून जास्त ऐकतात.

पिशवीत काय द्यायचं ते चिठ्ठीवर लिहून वरच ठेवा, कपड्यांची संख्या धरून. हास्यास्पद वाटतं, पण 'निळा स्वेटर परत आलाच नाही' या एका वाक्यावरून सहा महिने अबोला धरलेले लोक मला माहीत आहेत. आधार कार्डाची प्रत, चालू औषधं डोससकट, डॉक्टरांचा कागद, एक जादा जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत (पावसाळ्यात दोन). मोठ्या मुलाच्या खिशात दोघांचेही नंबर कागदावर लिहिलेले. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

आंब्याची पेटी द्यावी का, हा प्रश्न मला तीन जणींनी विचारलाय. द्या, पण 'आजीसाठी' म्हणून द्या आणि पोच विचारू नका.

## टप्पा ७: पावसाची सोय आधीच बोलून ठेवा

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्या हळू धावतात, वेळा सरकतात. मे महिन्यातल्या वेळा पाठ असणारा माणूस ऑगस्टमध्ये हमखास चुकतो आणि 'मुद्दाम उशीर केला' असा आळ येतो. प्रत्येक फेरीआधी वेळ नव्यानं बघा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा रेल्वे आणि हायवे दोन्ही थांबले. असं काही झालं की माणूस आधी घाबरतो, मग समोरच्यावर ओरडतो. म्हणून जूनमध्येच या चार ओळी एकमेकांना लिहून द्या:

१. गाडी रद्द झाली किंवा दरड कोसळली तर मुलं जिथे आहेत तिथेच राहतील. रस्त्यानं न्यायचा प्रयत्न नाही.
२. निघायचं की नाही हे ज्याच्याकडे मुलं आहेत तो ठरवेल, आदल्या रात्री ८ पर्यंत.
३. बुडालेले दिवस कुठल्या तारखांना भरून द्यायचे ते त्याच आठवड्यात ठरेल.
४. वाटेत अडकलो तर दर तासाला एक मेसेज, नुसतं स्टेशनचं नाव असलं तरी चालेल.

दुसऱ्या ओळीवर लोक अडतात: "मग ती दर वेळी पाऊसच सांगेल." म्हणून त्यासोबत पुरावा ठरवा. रेल्वेच्या १३९ वर विचारलेली गाडीची स्थिती, किंवा जिल्हा प्रशासनानं शाळांना दिलेली सुट्टी. यातलं एकही नसेल तर ठरल्याप्रमाणे प्रवास.

फोन लागत नाही यावरून लगेच अर्थ काढू नका. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि माझ्या घरी तर अंगणात आंब्याखाली उभं राहिलं तरच रेंज मिळते. दोन मिस्ड कॉलवर तिसरा मेसेज 'मुद्दाम उचलत नाहीस ना?' असा जाणार असेल तर फोन खाली ठेवा आणि भात लावायला घ्या.

## टप्पा ८: मुलं तिकडे असताना

२०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यायला हवं. हाच नियम भेटीच्या दिवसांत उलट बाजूनं लावा: मुलं बाबांकडे असताना आईला रोज एक छोटा फोन, ठरलेल्या वेळी. आमच्याकडे आरतीनंतर. त्या फोनवर चौकशी समिती बसवायची नाही. 'काय जेवलास' ठीक आहे, 'कोण कोण आलं होतं' ठीक नाही.

समुद्रावर किंवा नदीवर नेणार असाल तर आधी कळवा, परवानगी मागितल्यासारखं नव्हे, माहिती म्हणून: "उद्या सकाळी गणपतीपुळ्याला जातोय, पाण्यात उतरणार नाही." एवढ्या एका ओळीनं पलीकडच्या माणसाची एक रात्रीची झोप वाचते.

## टप्पा ९: परतल्यावर, त्याच दिवशी

वहीत चार रकाने: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, खर्च, बदल. मतं लिहायची नाहीत. 'नेहमीप्रमाणे उशीर' नको, '११ ऐवजी ११.५०, गाडी उशिरा' पुरे. तीन-चार फेऱ्यांनी ही वही चाळली की खरी अडचण कळते. आमच्या वहीत कळलं की उशीर रविवारीच होतात, शनिवारी एकही नाही. वार बदलला, उशीर संपले.

ठरलेली भेट वारंवार बुडत असेल, मुलं वेळेवर परत येत नसतील, तर वही आणि 'ठरलं' मेसेज घेऊन वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जा. मुलं परत आलीच नाहीत आणि संपर्कही तुटला, तर वाट बघत बसायचं नाही: ११२, आणि मुलांसाठीची १०९८.

बाकीच्या दिवशी, मुलं घरात शिरली, पाय धुतले, पिशवीतली चिठ्ठी काढून कपडे मोजले, की पलीकडे एकच शब्द पाठवायचा: "पोचलो." चिठ्ठीप्रमाणे एक मोजा कमी असेल, तर तो मेसेज उद्या.